बिनखिशाचा सदरा

जनू, तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला. आमच्या ह्यांनी भातसा नदीच्या घाटावर पिंड ठेवला, पाणी फिरवलं आणि ते दोन पावलं मागे सरले नाहीत तोच पलीकडच्या करंजावरून एक कावळा उतरला. इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही, चोच मारली आणि उडाला. सगळे सुटले. भटजींना पुढे शहापुरात दुसरीकडे जायचं होतं, ते तर फारच खूश झाले. म्हणाले, तृप्त जीव होता बाई, कशात वासना अडकलेली नव्हती. मी मान हलवली, पण आतून असा संताप झाला की सांगता सोय नाही. तुझी नसेल अडकलेली, माझी अडकली होती ना! लोक घाटावर तासतास उभे राहतात, कावळ्याला हात जोडून सांगतात, पोरीचं लग्न करू, म्हातारीला सांभाळू. मीही एक वाक्य दहा दिवस तोंडात घोळवून आणलं होतं. जीप माझ्या हाकेनं मागे फिरली, मला माफ कर, एवढंच. ते बोलायला तू मला वेळच दिला नाहीस. जिवंतपणी तेच आणि आता तेच. आलास, दोन घास खाल्लेस, निघालास.

म्हणून लिहायला बसले. मापांची वही आहे ना माझी, तिच्या मागच्या पानांवर लिहितेय. पुढच्या पानांवर सापगावातल्या निम्म्या बायकांच्या छाती-कंबरा आहेत, त्यात तुझं माप कुठेच नाही. ते कधी लिहावं लागलं नाही. तू दारातून आत आलास की यंदा खांद्यात किती उतरलास ते मला दिसायचं. शाळा सातवीपर्यंतच झाली, त्यामुळे लिहिताना शब्द शोधावे लागतात. त्यात तुला जन्मभर हाक मारली ती 'मेल्या' म्हणून. आता तो शब्द सवयीनं हाताशी येतो आणि बोटात सुई गेल्यासारखी मी थांबते.

तुझ्यामागे लोक काय काय बोलायचे ते तुला ठाऊक होतं. मार्गशीर्षात झोडणी आटोपली, भात कणगीत पडलं, की एका सकाळी तू चहा पिऊन उठायचास आणि चालू लागायचास. अंगात सदरा, खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी, पायात चपला. पिशवी नाही, पंचा नाही, काठी नाही, विडीकाडीसुद्धा नाही. असा चार-पाच महिने फिरायचास. मुरबाडवरून सरळगाव, टोकावडे, कधी माळशेज चढून जुन्नरच्या अंगाला, तिकडून उतरून किन्हवली, डोळखांब, खर्डी. चैत्र सरत आला, पेरणीआधी राब भाजायची वेळ झाली, की म्हसा गावाच्या पुढच्या आपल्या घरी पुन्हा हजर. पावसाळाभर शेतात राबायचास, भाताची आवणी करायचास, कापणी करायचास आणि पुन्हा मार्गशीर्ष. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, बायको गेली म्हणून डोकं फिरलंय, येईल ताळ्यावर. तिसऱ्या वर्षी म्हणाले, फिरलंच आहे. मग बोलणंही सोडलं. आपल्याकडे लोक वेड्यालाही सवयीनं घरातला करून घेतात.

मी मात्र सोडणारी नव्हते. तू परत आलास की माझी उलटतपासणी सुरू. आंघोळीचं काय केलंस? ओढे आहेत. ओला सदरा वाळेपर्यंत? उघडा बसतो. थंडीत पांघरायला? घरोघरी गोधड्या आहेत. पाणी कशातून प्यायचास? ओंजळ आहे. आणि उद्या आजारी पडलास म्हणजे? यावर तू वर बघून हसायचास. ते हसू बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्या घरी उतरायचास तिथलाच कोयता मागून घ्यायचास, गवत कापायचास, कुंपण बांधायचास, विहिरीतला गाळ काढायचास, आणि तिन्हीसांजेला कोयता जागच्या जागी ठेवायचास. मजुरी घ्यायचा नाहीस, ठेवणार कुठे? भाकरी घ्यायचास, ती पोटात ठेवता येते. कुणी माउलीनं वाटेत खायला म्हणून पोह्यांची पुरचुंडी बांधून दिली तर गावाच्या वेशीवर बसून ती संपवायचास, फडका कुंपणाला बांधून ठेवायचास आणि मगच पुढचं पाऊल. हे मला तूच एकदा सांगितलंस, आणि सांगताना असा खुशीत होतास की मला रडू आलं. तुझं सगळं आयुष्य आता एवढ्यावर आलं होतं, हातात फडका राहू नये एवढ्यावर.

आठवतं ना, पहिल्यांदा निघायच्या आधी तू सापगावला माझ्या मशीनपाशी येऊन बसलास. तुझा नवा सदरा मी बेतला होता. खडूनं खिशाची खूण करणार, तेवढ्यात तू म्हणालास, "बाय, खिसा नको लावू." मी म्हटलं, खिशाविना सदरा म्हणजे काय, मढ्याला घालायचाय? हे मी बोलले. असलं बोलायची माझी जीभ. आणि मी मुद्दाम दोन खिसे लावले. वैशाखात आलास तेव्हा ते दोन्ही खिसे घडी घालून माझ्या हातावर ठेवलेस. बाभळीच्या काट्यानं एकेक टाका उसवला होतास, कापडाला कुठे ओरखडा नाही. शिंपिणीच्या भावाला उसवणं चांगलं जमतं म्हणाले मी, आणि तू हसलास. बायको गेल्यापासून तू पहिल्यांदा हसलास. ते खिसे माझ्या बटणांच्या डब्यात आहेत अजून.

मग मी हार मानून बिनखिशाचे सदरे शिवायला लागले. दरवर्षी एक. पण जीव टांगणीला लागलेला असायचा, म्हणून एकदा लबाडी केली. सदऱ्याच्या खालच्या दुमडीत कापडाची एक पट्टी शिवून टाकली, तिच्यावर दोऱ्यानं तुझं नाव, गावाचं नाव, तालुका मुरबाड. कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. तू चार महिने फिरलास आणि परत येऊन ती पट्टी मशीनवर ठेवलीस. म्हणालास, हे तुझं राहिलं होतं. त्या दिवशी आपण खूप भांडलो. मी म्हटलं, नावगाव तरी जवळ असू दे रे, नाव काय वजनाला आहे? उद्या कुठे पडलास तर बेवारस म्हणून जाशील. तू शांतपणे म्हणालास, "जाईन." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. आणि बघ, गेलास. माझ्या जिभेला काय म्हणावं!

आता ते लिहिते, जे आपण दोघांनी चौदा वर्षं तोंडातून काढलं नाही.

इंदूला आई नव्हती, मग माहेरी बाळंतपण करणार कोण? म्हणून ते आपल्याच घरी करायचं ठरलं आणि तुझी बायको ती माझी भावजय म्हणून मी सापगावहून पंधरा दिवस आधी येऊन राहिले. म्हशाची जत्रा भरली होती. इंदू ओटीवर बसून जत्रेला जाणाऱ्या बैलगाड्या मोजायची आणि तू तिला जत्रेतून काचेच्या बांगड्या आणून द्यायचं कबूल केलं होतंस. मी दिवसभर हातानं शिवत बसायचे. झबली, टोपडी, लंगोट, दुपटं, आईच्या जुन्या लुगड्याचे इंदूच्या कमरेला बांधायचे पट्टे. सगळं एका गाठोड्यात बांधून तयार ठेवलं होतं. पहिलं भाचरू येणार होतं. मला स्वतःला मूल नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

दुपारी कळा सुरू झाल्या. सुईण आत गेली, थोड्या वेळानं बाहेर आली आणि म्हणाली मूल आडवं आहे, मुरबाडला दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता. गावात गाडी नाही, सगळ्या जीपा जत्रेच्या भाड्याला गेलेल्या. तू पळत म्हशाला गेलास आणि एका ड्रायव्हरच्या हातापाया पडून जीप घेऊन आलास. इंदूला मागच्या बाकावर निजवलं, उशाशी सुईण बसली, तू पुढे. जीप सुटली. मी देवाला हात जोडून ओटीवर वळले, तर गाठोडं तिथेच. 

तेवढ्यात मी काय विचार केला ते मला आजही सांगता येत नाही. विचार केलाच नाही. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे आईनं आपल्याला किती वेळा सांगितलं होतं. बाबा बाजाराला निघाले की आपण तोंडावर हात ठेवून बसायचो, आठवतं? मी गाठोडं डोक्यावर घेतलं आणि जीपमागे धावत सुटले. "जनू, गाठोडं राहिलं! जनू!" जीप नाल्याच्या वळणापर्यंत गेली होती. ड्रायव्हरला ऐकू गेलं नाही, तुला गेलं. तू मान बाहेर काढून बघितलंस. जीप थांबली. रस्ता केवढासा, फिरवायला जागा नाही, तरी कुणाच्या तरी शेतात घालून फिरवली आणि माझ्याकडे आली. मी गाठोडं तुझ्या मांडीवर ठेवलं. इंदूनं मागून माझ्याकडे बघितलं, तिचे ओठ पांढरे पडले होते. पुन्हा जीप फिरली आणि गेली. फार तर दहा मिनिटं गेली असतील.

त्या दहा मिनिटांत जत्रेतली जनावरं पाण्यावर निघाली. ते मी बघितलं नाही, सुईणीनं सांगितलं. उन्हं कलली की जत्रेतले सगळे बैल एका वेळी नदीवर नेतात, हे काय आपल्याला माहीत नव्हतं? लहानपणी तेच बघायला आपण बांधावर जाऊन बसायचो. रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेला, प्रत्येक मालक आपला कासरा धरून, हॉर्न वाजवला की बैल बुजायचे आणि लोक शिव्या द्यायचे. तू खाली उतरून हात जोडत पुढे पुढे चालत होतास, बाजूला व्हा रे, बाजूला व्हा. तास गेला. इंदू मुरबाडच्या अलीकडेच गेली. मूल पोटातच राहिलं.

तिला घेऊन परत आलास तेव्हा आधी तू उतरलास. गाठोडं तुझ्या हातात होतं. ते माझ्या हातात दिलंस आणि मग मागे वळून तिला उतरवायला गेलास. गाठ मी बांधली तशीच होती. तू मला एक अक्षर बोलला नाहीस. त्या दिवशी नाही, बाराव्याला नाही, कधीच नाही. शिव्या दिल्या असत्यास, हात उगारला असतास, तर मी सोसलं असतं. पुढच्या मार्गशीर्षात तू रिकाम्या हातानं चालायला लागलास आणि गावानं कारणं शोधली. मला शोधावं लागलं नाही.

मी बोलायचा प्रयत्न केला नाही असं नको म्हणूस. दोनदा केला. एकदा तू सापगावला आला होतास, मी मशीन चालवत होते आणि पाठमोरी होते म्हणून धीर झाला. म्हटलं, जनू, त्या दिवशी मी हाक मारली नसती तर. तू म्हणालास, "बाय, मशीनकडं बघ, सुई मोडंल." संपलं. दुसऱ्या वेळी तू निघाला होतास, मी नदीच्या पुलापर्यंत आले. एका पिशवीत दोन सदरे, एक कानटोपी आणि शेंगदाण्याचा लाडू घालून ती तुझ्या हातात कोंबली. तू ती धरलीस. मला वाटलं, घेतली. चार पावलं गेलास, पिशवी पुलाच्या कठड्याला अडकवलीस आणि न बघता पुढे निघालास. त्या कठड्यापाशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मी त्याचा एकच अर्थ लावला. माझ्या हातचं गाठोडं तुला नको होतं. तू मला माफ केलेलं नव्हतंस आणि करणार नव्हतास, आणि हे तू मला दरवर्षी चालून दाखवत होतास. त्या पुलावर तुला मागून हाक मारायची मला फार इच्छा झाली. मारली नाही.

मग या फाल्गुनात एक पोलीस माझ्या दारात आला. मी ब्लाउज बेतत होते. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक सदरा मशीनवर ठेवला आणि विचारलं, हा तुम्ही शिवलाय का?

तू खर्डीकडे येणाऱ्या पायवाटेवर एका मोहाखाली बसल्या जागी गेला होतास. मोहाची फुलं वेचायला आलेल्या बायकांनी बघितलं. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. तुझ्या अंगावर नाव सांगणारं काहीच नव्हतं, खिसेसुद्धा नव्हते, आणि त्याचंच पोलिसाला नवल वाटलं. त्याला वाटलं तुरुंगातून पळालेला कैदी असेल, कैद्यांच्या कपड्यांना खिसे नसतात असं त्यानं कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून ही शिवण तुरुंगातली का हे विचारायला तो सदरा घेऊन शहापूरच्या बाजारात आमच्या मास्तरांकडे गेला, ज्यांनी मला शिवण शिकवलं त्यांच्याकडे. मास्तरांना आता नीट दिसत नाही. त्यांनी बोटानं बटणांची काजं चाचपली, मग भिंग लावलं आणि म्हणाले, ही सापगावच्या सुमनची काजं. शेवटच्या काजाला ती एक टाका उलटा घालते, मी छड्या मारून थकलो, तिनं सोडला नाही. नावाची पट्टी तू काढून दिलीस, जनू. तो टाका काढायचा राहिला.

पण तोवर उशीर झाला होता. तीन दिवस वाट बघून त्यांनी तुला पुरलं होतं. मला नेऊन दाखवलं, मातीचा एक ढीग, त्यावर एक दगड, शेजारी आणखी दोन ढीग. मी विचारलं, नक्की हाच का? सोबतचा माणूस म्हणाला, हाच असणार. मी तिन्ही ढिगांवर पाणी घातलं. मग एका वहीत सही घेतली. त्यात लिहिलं होतं, अनोळखी पुरुष, वय अंदाजे साठ. तू चव्वेचाळीस वर्षांचा होतास. खाली लिहिलं होतं, जवळ मिळालेल्या वस्तू, निरंक. मी सही केली आणि त्यांनी सदरा मला दिला.

भटजी म्हणाले, बातमी कळली त्या दिवसापासून दिवस मोजा. तसे मोजले. दहाव्याला कावळा शिवला ते वर लिहिलंच.

चार दिवसांनी मी खर्डीला गेले. का ते मला नीट सांगता येत नाही. तू शेवटी कुणाकडे जेवलास एवढं तरी कळावं असं वाटलं. रिक्षावाल्यानं रस्ता संपतो तिथे सोडलं, पुढे पाऊण तास चढ. वर ठाकरांचा पाडा आहे, पंधरा-वीस घरं. बिनखिशाचा माणूस म्हटलं तसं एकीनं लगेच विचारलं, "हातमोकळा ना?" तिथे तुझं हेच नाव होतं. सोमीबाय नावाची एक म्हातारी मला तिच्या घरी घेऊन गेली. शेवटचं तू तिच्याकडेच जेवलास. नाचणीची भाकर आणि वालाचं कालवण, आणि अर्धी भाकर परत केलीस, ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं. तुझी बातमी त्यांना तिसऱ्या दिवशी कळली. पाड्यावरचे दोघे जण खाली गेले होते, पण पोलिसांनी विचारलं नाव काय, गाव काय, तुमचा कोण लागतो. त्यांना एकाचंही उत्तर देता येईना. घाबरून परत आले. "आमी नाव कदी इचारलं नाय," सोमीबाय म्हणाली. "यायचा, काम करायचा, जायचा. नाव कशाला लागतं?"

मग तिनं तिच्या सुनेची गोष्ट सांगितली. दोन वर्षांमागे सुनेला अशाच कळा सुरू झाल्या, तेव्हा तू पाड्यावर होतास. बायका लुगडी, फडकी गोळा करायला लागल्या, सोमीबायनं बोचकं बांधायला घेतलं. तू तिच्या हातातलं बोचकं हिसकावून घरात फेकलंस. तुझा एवढा मोठा आवाज त्या पाड्यानं पहिल्यांदा ऐकला म्हणे. काही घेऊ नका, चला, म्हणून ओरडलास, आणि झोळीचा पुढचा दांडा स्वतःच्या खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत खाली उतरलास, मध्ये कुणालाही टेकू दिलं नाहीस. सून वाचली. पोरगीही वाचली. ती तिथेच अंगणात कोंबड्यांमागे धावत होती, नाकाला शेंबूड, अंगावर काही नाही. मी तिच्याकडे बघत होते, तेव्हा सोमीबाय म्हणाली की दवाखान्याच्या बाहेर बसून तू तिला सगळं सांगितलंस.

"माजी बायको माज्यामुळं गेली, म्हनला. बहीण मागून वरडत व्हती, जा, जा, थांबू नको. त्यानं ऐकलं नाय. कपड्यांच्या गाठोड्यासाठी त्यानं गाडी मागं फिरवली."

जनू, तू असं सांगितलंस? कोण कुठली ती म्हातारी, तिला माझं नाव माहीत नाही, तोंड माहीत नाही. तिच्यापाशीसुद्धा तू मला पाठीशी घातलंस? की तुला खरंच तसंच आठवत होतं? चौदा वर्षं मी समजत होते की तू माझ्यावर रुसून चालतोस. तू माझ्यावर रुसलाच नव्हतास. पुलावर तू पिशवी सोडलीस ती माझी म्हणून नव्हे, तुला तुझ्याच हातांची भीती वाटत होती. आणि मी वेडी, एकदा समोर बसवून, दंडाला धरून बोलले असते तर त्या मोहाखाली तू एकटा बसला नसतास. सुई मोडंल म्हणालास, तर मोडू द्यायची होती मी.

आता जे लिहिते ते लिहायला हात उचलत नाही. सोमीबायनं माझ्यापुढे कोरा चहा ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "तूच ना ती बहीण? तूच म्हनली ना त्याला, थांबू नको?"

मी हो म्हणाले.

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, चांगली बहीण व्हती त्याला. मी तो हात फिरवू दिला, चहा प्यायले आणि उतरून खाली आले. येताना त्या मोहापाशी थांबायचं ठरवलं होतं, तिथेही थांबले नाही. तोंड नव्हतं.

घरी येऊन माळ्यावर चढले आणि गाठोडं काढलं. ते मी तेव्हाच सापगावला आणून टाकलं होतं, कधी सोडलं नव्हतं. गाठ सुटेना म्हणून कात्रीनं कापली. टोपड्यांना कसर लागली आहे, बाकी सगळं जसंच्या तसं. सहा झबली, बारा लंगोट, दुपटं, लुगड्याचे पट्टे, काजळाची डबी. मी एकेक वस्तू मशीनवर काढून ठेवली आणि प्रत्येकीकडे बघून स्वतःला विचारलं, ही त्या दिवशी लागली असती का? एकही लागली नसती. रक्त थांबवायला त्यात काही नव्हतं. सगळं दुसऱ्या दिवशीचं सामान होतं.

उद्या सकाळी मी पुन्हा खर्डीला जाणार आहे. ह्यांना सांगितलं, ते म्हणाले कशाला जुनं उकरून काढतेस, गेला बिचारा. मी म्हटलं, गेला म्हणूनच. त्या पोरीसाठी यातलं एखादं झबलं न्यावं असं मनात आलं होतं, पण ती दोन वर्षांची घोडी, तिला कसलं बसतंय! आणि काही नेलं की ते देण्याघेण्यातच वेळ जाईल, चहा होईल, आणि बोलायचं पुन्हा राहील. रिकाम्या हातानंच जाते. सोमीबायला सांगते की बहीण जा-जा म्हणत नव्हती. बहीण गाठोडं डोक्यावर घेऊन मागून ओरडत होती. तिनं माझ्या पाठीवरून फिरवलेला हात परत घेतला तर घेऊ दे. त्या पाड्यावर तुझं नाव कुणाला ठाऊक नाही, तेही सांगते.

घाटावर जे वाक्य आणलं होतं त्यातलं माफ कर आता काढून टाकते. तू मला कधी दोष दिलाच नाहीस, तर माफी कसली मागू? दोष तू स्वतःकडे नेलास, तो माझा आहे. हाक मी मारली, जनू. तू फक्त मागे वळून बघितलंस.